तिरूकाठची येळवस

जळकोट

आम्ही जळकोटला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. शांत तालुक्याचं गाव म्हणून आम्ही ते निवडलं होतं, त्यामुळे श्रीकांतचा चेहरा उतरला. श्रीकांत माझा नवरा. आम्ही दोघं रत्नागिरीचे. तो घरबांधणीचे नकाशे काढतो, मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. गेली आठ-नऊ वर्षं आम्ही वर्षातून एकदा कुठल्या तरी नदीच्या काठी तंबू टाकतो आणि दोन-तीन रात्री राहून परत येतो. जिथे बघण्यासारखं काही नाही असं लोक सांगतात तिथे जायचं, एवढा एकच नियम. या वेळी लातूर जिल्ह्यातली तिरू नदी निवडली. नाव आधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून.

बाजारात हिरव्या रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. ओला हरभरा, वाटाण्याच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, वाल, मेथी, चुका, कांद्याची पात. गंमत म्हणजे जो तो सगळंच घेत होता, पण प्रत्येक गोष्ट थोडी थोडी. मी एका भाजीवालीला विचारलं, आज एवढी गर्दी कशाची?

"उद्या येळवस हाय ना."

"म्हणजे काय?"

तिने तराजू खाली ठेवला. "कुठलं गाव तुमचं?"

"रत्नागिरी."

"तिकडं येळवस न्हाई?"

"नाही."

"मग तुमी शेतात जेवताव तरी कवा?"

आमच्याकडे जेवण घरातच होतं, आणि अमावास्येला तर सासूबाई कुणाला प्रवासालाही निघू देत नसत. इथे मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरात थांबणं चुकीचं समजतात. वेळ अमावास्या हे तिचं पूर्ण नाव, बोलण्यात येळवस. त्या दिवशी घराला कुलूप लावून सगळं गाव आपापल्या शेतात जेवायला जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, आणि त्याला कुणी बोलावलं का, हे विचारायची पद्धत नाही. चहाच्या टपरीवाल्याने आम्हाला हे सगळं समजावून सांगितलं आणि वर बजावलं, "उद्या बाजारात चहाबी मिळायचा न्हाई. आजच दोनदा पिऊन घ्या." आम्ही दोनदा प्यायलो.

नदीकाठ

गावापासून सातआठ किलोमीटरवर डांबरी रस्ता सोडला. कच्च्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी ज्वारी होती, मग हरभरा, मग करडईचा काटेरी पट्टा, आणि वाट संपली तिथे नदी. खाली कुठे तरी बंधारा असल्यामुळे पाणी अडलेलं होतं. कोकणातल्या नद्या घाईत असतात. डोंगरातून उतरल्या की समुद्र गाठायची ओढ. ही नदी बसून होती. हिरवट, संथ, काठाला लव्हाळी, आणि पलीकडे दोन बगळे इतके स्थिर की मला आधी ते कापडाचे तुकडे वाटले.

शेतात एक उंच, वाळकुडा म्हातारा कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधत होता. आम्ही गाडीतून उतरलो तरी त्याने हातातली गाठ पूर्ण केली, मगच वळला. हे व्यंकटराव. सत्तरीचे असतील. श्रीकांतने विचारलं, नदीकाठी दोन रात्री तंबू टाकला तर चालेल का?

"काय तपासायलाव? वाळू?"

"नाही, नाही."

"मग गुप्तधन?"

"नुसतं राहायचंय."

व्यंकटरावांनी आम्हाला नीट पाहून घेतलं. पन्नाशी ओलांडलेलं जोडपं, माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. "ऱ्हावा की. नदी काय माझ्या बापाची हाय व्हय?" मग हात लांब करून त्यांनी शेताच्या कोपऱ्यातली जुनी चिंच दाखवली. "तिच्याखाली तेवढं नका जाऊ. वर बघा."

वर पाहिलं. आडव्या फांद्यांना तीन काळी मोहोळं लोंबत होती, एकेक सुपाएवढं. त्यांच्यावरून एक लाट सरकून गेल्यासारखी दिसली. ते माश्यांचं अंग हलवणं होतं.

"आग्या मोहोळ," व्यंकटराव म्हणाले. "दोन वर्सं झाली. कुणाला काई केलं न्हाई. पर धूर तिकडं जाऊ द्यायचा न्हाई. आमी कोपबी म्हनून लांब घातलीया."

कोप म्हणजे ती कडब्याची खोपी. उद्या तिच्यात पूजा होणार होती. आम्ही चिंचेपासून साठ-सत्तर पावलांवर, मोकळ्यात, तंबू उभा केला. तो उभा होत असताना व्यंकटरावांच्या पत्नी मुक्ताबाई येऊन बघत राहिल्या. ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. जाळीच्या दारातून आत डोकावून म्हणाल्या, "माय! एवढूशा घरात दोघं झोपताव? भांडन झालं तर कुठं जाताव?"

"बाहेर," मी म्हणाले.

त्या हसल्या, आणि मग बराच वेळ माझ्याशी बोलत बसल्या. मुलगा दत्ता लातूरला असतो. उद्या तो, सून सविता आणि दोघी नाती येणार. बांधापलीकडे आणखी एक कोप बांधणं चाललं होतं. ती कुणाची, मी विचारलं.

"माधवची. पुतन्या हाय ह्यांचा." मुक्ताबाईंनी आवाज खाली आणला. "नऊ वर्सं झाली, बोलनं न्हाई. बांधावरची बाभळ कुनी तोडली यावरून. बाभळ गेली जळून कवाच."

संध्याकाळी कांबळे गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, स्वच्छ पांढरा सदरा, हातात काठी, पण ती टेकत नव्हते. वाटेपलीकडे त्यांचं शेत. बोलणं पुस्तकी आणि सावकाश. ते व्यंकटरावांचे शाळेपासूनचे मित्र, आणि येळवशीचं त्यांचं जेवण दर वर्षी इथेच. "आजोबांनी बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्यात पांडव पुजणं बंद झालं," ते म्हणाले. "पण आंबील पिणं बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं."

रात्री थंडी चांगली पडली. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही घडलं नाही. बगळे सकाळीही तिथेच होते.

येळवस

सकाळी चहा करायला घेतला आणि स्टोव्ह पेटेना. गॅसची छोटी टाकी रिकामी होती. आदल्या संध्याकाळी मी तिची चावी पुरती आवळली नव्हती आणि रात्रभरात गॅस निघून गेला होता. श्रीकांतने काठावरचे तीन दगड आणले, करंजाच्या काटक्या गोळा केल्या आणि चूल मांडली. काटक्या दवाने ओल्या होत्या, पण वारा नदीकडे होता आणि धूर पाण्यावरून पलीकडे जात होता. चिंच दुसऱ्या बाजूला. आम्ही ते पाहिलं होतं. पाहून मगच चूल पेटवली, हे सांगितलं पाहिजे.

अकराच्या सुमारास माणसं यायला लागली. वाटेवरून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन येत होत्या, त्यावर ओली फडकी. सगळा स्वयंपाक घरी पहाटे झालेला असतो, शेतात चूल पेटवावी लागत नाही. दत्ताने बायको-मुलींना सोडलं आणि जळकोटच्या बस थांब्यावर उतरणाऱ्या आपल्या बहिणीला आणायला लगेच परत गेला. पाहुण्यांना निदान एकदा चहा द्यावा म्हणून मी चुलीत आणखी काटक्या सारल्या. चहा झाला, सगळ्यांनी घेतला. सविताने कौतुक केलं. मग व्यंकटरावांनी पूजेला हाक मारली आणि आम्ही उठून कोपीकडे गेलो. चूल विझवली नाही. तिच्यात तेव्हा जाळ नव्हता, नुसती धुमसत होती.

कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडले होते, पुढे हिरव्या शालूचा तुकडा, पाचही दगडांना हळदकुंकू. हेच पांडव. पूजा दहा मिनिटांत झाली. इतर कोपींत शेणी पेटवून दूध उतू घालतात, इथे मोहोळांमुळे तेही नव्हतं. नंतर व्यंकटरावांनी आंबिलीचं मडकं काखेला लावलं, हातात ज्वारीच्या पानांची जुडी घेतली आणि ती आंबिलीत बुडवून पिकावर शिंपडत शेताला फेरी घालायला निघाले. "ओलगे, ओलगे, सालम पोलगे," असं काहीसं ते खणखणीत आवाजात म्हणत होते. गुरुजींना अर्थ विचारला तर म्हणाले, कानडी असावं. लहानपणापासून ऐकतोय, अर्थ कुणी लावत नाही.

व्यंकटरावांची फेरी चालू असतानाच पंगत बसली. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. कालच्या बाजारातल्या त्या सगळ्या थोड्या थोड्या हिरव्या वस्तू डाळीच्या पिठात शिजवलेल्या, दाट, आंबूस. उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, आंबट भात, तिळाची पोळी. पेल्यात आंबील: ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं. आमच्या सोलकढीची ही थोरली बहीण. मी दुसरा पेला घेतला.

वारा नेमका कधी फिरला ते मला माहीत नाही. मी चुलीकडे पाठ करून बसले होते. पहिल्यांदा कानावर आला तो आवाज, दूरवर मोटार चालू असल्यासारखा, आणि पाठोपाठ एक गोड वास, पिकल्या केळ्यासारखा. गुरुजींनी घास खाली ठेवला.

"माश्या उठल्या," ते म्हणाले. "पळा. तंबूत शिरा."

मी दोन मुलींपैकी धाकटीला उचललं, सविताने थोरलीचा हात धरला, मुक्ताबाई लुगडं आवरत आमच्या मागे. साठ पावलं असतील. मानेवर पहिला डंख बसला तेव्हा गरम ठिणगी पडल्यासारखं वाटलं. आम्ही पाचजणी दोन माणसांच्या तंबूत शिरलो आणि मी जाळीची चेन ओढली. आत आलेल्या सात-आठ माश्या सविताने चपलेने मारल्या. बाहेर जाळी काळी व्हायला लागली.

श्रीकांत नदीत उडी टाकून बसला होता. वर काढलेल्या नाकातोंडावर त्याने चहाचं पातेलं उपडं धरलं होतं. इतर वेळी मी हसले असते.

"हे कुठं हायत?" मुक्ताबाई म्हणाल्या.

आम्ही जाळीतून पाहिलं. व्यंकटराव फेरी घालत चिंचेच्या बाजूला पोचले होते. ते ज्वारीच्या कडेला गुडघ्यावर बसले होते, हात डोक्यावर, आणि डोक्याभोवती धुरासारखं काही तरी फिरत होतं. मडकं फुटलेलं होतं. खरा धूर त्यांच्या मागे, जमिनीलगत, आमच्या चुलीपासून सरळ चिंचेपर्यंत गेला होता. फिकट निळी रेघ. तंबूतून ती स्पष्ट दिसत होती. मी मुक्ताबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर नवऱ्यावर होती. त्या चेनला हात घालत होत्या.

"तुम्ही थांबा," मी म्हणाले. "मी जाते."

मी स्लीपिंग बॅग डोक्यावरून ओढली, बाहेर पडले, सविताने मागून चेन बंद केली. मी वीसेक पावलं गेले. मग हातांवर, घोट्यांवर, ओठावर डंख बसायला लागले. व्यंकटराव अजून खूप लांब होते. कुणी मला विचारलं तर मी सांगेन की श्वास कोंडला, समोरचं दिसेना. दिसत होतं. मी परत फिरले.

सविताने चेन उघडून मला आत ओढलं. मुक्ताबाईंनी जाळीला कपाळ टेकवलं होतं.

तेवढ्यात कोपीतून गुरुजी बाहेर आले. पंगतीला अंथरलेली गोधडी त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांघरली होती आणि ते चालत होते. पळत नव्हते, हात झाडत नव्हते. रोज शाळेत जात असतील तसे चालत होते. व्यंकटरावांपाशी पोचल्यावर त्यांनी गोधडी दोघांवर घेतली. मग बराच वेळ ती गोधडी नुसती एका जागी होती, ढिगासारखी. आणि मग ती उठली आणि चार पायांवर, अतिशय सावकाश, वाऱ्याच्या उलट दिशेने, बांधाकडे निघाली.

बांधापलीकडून एक मालवाहू टेम्पो ज्वारी तुडवत येत होता. काचा वर केलेल्या. तो माधव होता.

दवाखाना

आमची गाडी उपयोगाची नव्हती. किल्ली श्रीकांतच्या शर्टाच्या खिशात होती आणि नदीत उडी मारल्यावर ती पाण्यात पडली होती. पाऊण तासाने माश्या पांगल्या. वाटेवरून दुचाकीवर जाणाऱ्या एका माणसाने मुक्ताबाईंना आधी नेलं, आणि मग त्यानेच फोन करून बोलावलेल्या रिक्षातून श्रीकांत आणि मी गेलो. श्रीकांतचे कान वांग्यासारखे झाले होते.

दवाखाना तालुक्याच्या गावचा, छोटा. सणाचा दिवस असूनही डॉक्टर बाई जागेवर होत्या. अशा दोन-तीन येळवशी त्यांनी पाहिल्या असाव्यात, कारण त्यांनी कसलंच आश्चर्य दाखवलं नाही. व्यंकटरावांना इंजेक्शन देऊन झालं होतं, सलाईन चालू होतं. "रक्तदाब खाली गेलाय. चार तास काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

व्हरांड्यात बाकावर गुरुजी बसले होते. जाड कार्डाच्या कडेने ते स्वतःच्या मनगटातले काटे खरवडून काढत होते. मी त्यांच्या शेजारी बसले. बोलणं भाग होतं.

"मी निघाले होते, गुरुजी. परत फिरले."

"पाहिलं मी." त्यांनी आणखी एक काटा काढला. "ती पिशवी तुमच्या गुडघ्यापर्यंतच येत होती. तुम्ही पोचला असता तर मला दोघांना आणावं लागलं असतं."

ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच तसं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. मीही पुढे विचारलं नाही.

माधव फाटकाजवळ टेम्पोला टेकून उभा होता. पस्तिशीचा, अंगाने भरलेला, एक डोळा सुजून बंद. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता.

मग दत्ता आला. बहिणीला घेऊन शेतावर पोचला तेव्हा त्याला तिथे फक्त सविता आणि मुली भेटल्या. सविताने सांगितलं ते अर्धं ऐकूनच तो निघाला होता. फाटकातून आत शिरताना त्याला माधव दिसला आणि तो थांबला.

"तू हितं काय करायलाव?"

"काकाला आनलं," माधव म्हणाला.

"आनलं! आदी धूर करायचा आन मग आनायचं! तुमच्या कोपीत दूध उतू घालायला शेनी पेटवल्या का न्हाई? सांग, पेटवल्या का न्हाई?"

"पेटवल्या. पर..."

"मोहोळ कुठं हाय तुला ठाव न्हाई? नऊ वर्सं डूख धरून बसलाव. बाभळीसाठी माझ्या बापाला मारायलाव?"

दत्ताने त्याची गचांडी धरली. माधवने हात वर केला नाही. तो नुसता म्हणाला, "आमचा धूर तिकडं गेलाच न्हाई रे," पण हे वाक्य त्या क्षणी जगातला कुठलाही माणूस म्हणाला असता, आणि दत्ताने ते तसंच ऐकलं. मुक्ताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. श्रीकांतने माझं मनगट धरलं. "आत्ता नको," तो अगदी हळू म्हणाला. "उद्या, शांत झाल्यावर सांगू."

मला त्याचं म्हणणं पटलं होतं. उद्या सांगणं जास्त सोयीचं होतं. उद्यापर्यंत व्यंकटराव शुद्धीवर आलेले असतील किंवा नसतील, आणि दोन्ही बाबतीत आम्ही निघून गेलेलो असू शकलो असतो. मी उठले ते बहुधा यामुळेच, की हे सगळं मला एका क्षणात इतकं नीट दिसलं.

"दत्ता," मी म्हणाले, "धूर आमच्या चुलीचा होता."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"आमचा गॅस संपला. चूल पेटवली, चहा केला, तुमच्या घरच्यांनीच प्यायला. मग विझवली नाही. वारा फिरला. तंबूतून मी स्वतः पाहिलं, रेघ सरळ चिंचेकडे गेली होती. तुमच्या वडिलांनी काल सांगितलं होतं, धूर तिकडे जाऊ देऊ नका."

दत्ताचा हात माधवच्या गळ्याशी तसाच होता. तो सोडायचा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. आमच्यावर ओरडणं त्याला जमेना. आम्ही पाहुणे, वयाने मोठे, आणि माझा ओठ सुजून नाकाला लागलेला. शेवटी त्याने हात काढला आणि स्वतःच्या शर्टाला पुसला.

"येळवशीला आल्यालं मानूस, त्येला काय बोलायचं," तो स्वतःशीच म्हणाला, आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला वाटलं होतं मुक्ताबाई आता काही तरी बोलतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून सांगता येत नाही. राग होता, पण नुसता राग नव्हता. मग त्या पायऱ्या उतरल्या, फाटकापाशी गेल्या आणि माधवच्या बंद डोळ्याखाली बोट ठेवून म्हणाल्या, "काटा आतच हाय. गुरुजीकडं चल."

तो आला. बाकावर बसला. गुरुजींनी काटा काढला.

चार तासांच्या ऐवजी साडेपाच तास लागले. दिवेलागणीला डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, रक्तदाब सावरलाय, रात्रभर ठेवून घेऊ. दत्ता भिंतीकडून वळला. त्याच्या मागे, त्याच्या लक्षात यायच्या आधी, माधवही उठून उभा राहिला होता.

परत शेतात

त्या रात्री आम्ही गुरुजींच्या घरी झोपलो. सकाळी शेतावर गेलो तेव्हा चिंचेवर मोहोळं होती तशीच होती, सुपाएवढी, आणि ती लाट त्यांच्यावरून सरकत होती. आम्ही चुलीवर तीन घागरी पाणी ओतलं. त्यातल्या दोन नुसत्या मनाच्या समाधानासाठी होत्या. तंबू घडी घालताना त्याच्या कापडात तुटलेले काटे सापडत राहिले.

गाडीच्या किल्लीचा प्रश्न होता. दुसरी किल्ली रत्नागिरीला. दहाच्या सुमारास माधव आला, कपडे काढले आणि श्रीकांतने जिथे उडी टाकली होती तिथे छातीएवढ्या पाण्यात उतरला. तो खाली वाकत नव्हता. पायांच्या बोटांनी गाळ चाचपत होता आणि नजर पलीकडच्या काठावर. अर्ध्या तासाने त्याने पाय वर उचलला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात किल्ली होती. श्रीकांत त्याचे आभार मानायला लागला तर तो म्हणाला, "गाळात म्हशीची साखळी शोधायची सवय हाय."

किल्लीने दार उघडलं. गाडी सुरूही झाली. आता निघायला हरकत नव्हती. पण निघावं कसं, हेही कळत नव्हतं.

बारा वाजता दत्ताची गाडी वाटेवरून आली. व्यंकटरावांना दवाखान्यातून सोडलं होतं आणि त्यांनी घरी जायला नकार दिला होता. येळवस अर्धी टाकायची नसते, एवढंच म्हणाले म्हणे. दत्ता आणि मुक्ताबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना कोपीपर्यंत आणलं. चेहरा ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन फुगीर चिरा. ते आत टेकले, हात पुढे करून दगड चाचपले, पाचही. मोजून झाल्यावर मागे रेलले.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, दवाखान्यात सांगितलं तसंच, वर गॅसच्या टाकीची चावी आवळायची राहिली तेही. व्यंकटरावांनी ऐकून घेतलं.

"चावी आवळली नव्हती?"

"नाही."

"हं." त्यांनी पुन्हा एक दगड चाचपला. "मला वाटलं, मीच काई तरी चुकीचं बोललो फेरीत." मग म्हणाले, "जेवलाव का?"

आम्ही जेवलो नव्हतो. कुणीच जेवलं नव्हतं. पण कालचं अन्न तसंच उघडं राहिलं होतं, त्यात माश्या पडल्या होत्या, सविताने ते सकाळी गुरांना घातलं होतं. मुक्ताबाई आणि सविता एकमेकींकडे बघत राहिल्या. सविता म्हणाली, घरून भाकरी आणायला तासभर लागेल.

तेव्हा बांध ओलांडून माधवची बायको आली. डोक्यावर टोपली, त्यावर ओलं फडकं. सकाळी नव्याने रांधलं होतं बहुधा. वाफ येत होती. ती कोपीच्या तोंडाशी थांबली. मुक्ताबाईंनी तिच्या डोक्यावरून टोपली उतरवून घेतली, पण वाढायला घेतली नाही. टोपली तिच्यापुढेच ठेवली आणि त्या बाजूला बसल्या. दत्ता जमिनीकडे बघत होता. माधव बांधावरच उभा होता, त्याने पाय अलीकडे टाकला नव्हता.

माधवची बायको वाढायला लागली. आधी व्यंकटरावांना. तिने त्यांचा हात धरून उघडला, त्यावर भाकरी ठेवली आणि दुसरा हात ताटलीतल्या भज्जीपर्यंत नेला. व्यंकटरावांचा हात क्षणभर तिथे थांबला.

"कोन वाढायलंय?"

कुणी उत्तर दिलं नाही. मुक्ताबाईंनीही नाही. व्यंकटरावांनी पुन्हा विचारलं, "सविता का?"

सविता त्यांच्या डाव्या बाजूला होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता.

व्यंकटरावांनी घास केला, तोंडात घातला आणि सुजलेल्या जबड्याने हळूहळू चावला. आम्ही सगळे त्या तोंडाकडे बघत होतो. घास गिळायला त्यांना वेळ लागला.

"जे कुनी असंल," ते म्हणाले, "मीठ बराबर पडलंय." आणि पुढच्या घासासाठी हात लांब केला.